दर सोमवारी एक-दोन कोळंब्या मेलेल्या: वर्गातल्या टाकीचा हिशेब शेवटी कसा लागला

सोमवारची पहिली तासिका. हजेरीपत्रक उघडायच्या आधीच खिडकीपाशी घोळका, आणि घोळक्यातून कुणीतरी ओरडतं, "बाई, आज दोन!"

दोन म्हणजे मेलेल्या कोळंब्या दोन. ऐरोलीतल्या आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात दोन फुटी काचेची टाकी आहे, तिच्यात लाल चेरी कोळंबी. दोन वर्षांपूर्वी जुलैत टाकी लावली आणि पुढच्या जानेवारीपर्यंत हा सोमवारचा आकडा सहसा चुकला नाही. कधी एक, कधी तीन. पाणी नितळ, मॉस हिरवंगार, अमोनियाची चाचणी शून्य. दुकानदार म्हणाला, "मॅडम, माल नाजूक असतो, चालायचंच." चालायचंच कसं? पस्तीस मुलं रोज काचेला नाक लावून बसलेली असतात.

ज्यांच्याकडे असंच होतंय, म्हणजे टाकी दिसायला उत्तम आणि तरी ठरावीक दिवसांनी एक-दोन जीव जातात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमची सगळी टाकी एका दिवसात आडवी झाली असेल तर मधलं सोडा आणि थेट धुराबद्दल लिहिलंय तिथे जा. ते दुखणं वेगळं.

कोळंबीच का

मुलांना खरं तर हॉर्सशू क्रॅब हवा होता, घोड्याच्या नालासारख्या कवचाचा तो समुद्री प्राणी. निळ्या रक्ताचा व्हिडिओ कुणीतरी बघितला आणि वर्गात साथ पसरली. अमेरिकेत मेरीलँडमध्ये शाळेच्या वर्गात त्यांची पिल्लं वाढवतात आणि मग समुद्रात सोडतात, हेही त्यांनीच शोधून आणलं. मला नाही म्हणावं लागलं. आपल्याकडे हा प्राणी पूर्व किनाऱ्यावर, ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या बाजूला सापडतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेलं आहे. तो वर्गात आणून ठेवायचा प्रश्नच नव्हता. मग खाडीतल्या खेकड्यांची टूम निघाली, ओहोटीला चिखलावर येऊन एक मोठी नांगी हलवत बसतात ते. पण ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ती रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सहल नेली होती, तेव्हा "इथून शिंपलासुद्धा उचलायचा नाही" असं मीच मुलांना बजावलं होतं. आता माझाच शब्द मी कसा फिरवणार?

म्हणून चेरी कोळंबी. गोड्या पाण्यातली, जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची, मूळची चीन-तैवानकडची, कुर्ल्याच्या मासे-बाजारात मिळते. हॉर्सशू क्रॅब नावाचाच खेकडा, नात्याने तो कोळी-विंचवांच्या जवळचा. कोळंबी मात्र खरोखर खेकड्याच्या भावकीतली. तरी दोघांत दोन गोष्टी सारख्या. वाढायचं तर जुनं कवच टाकावं लागतं, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायला लोखंडाऐवजी तांबं वापरलेलं असतं. मुलांना एवढ्यावर समजावलं. या दोन्ही गोष्टी पुढे आमच्या चांगल्याच अंगाशी आल्या.

मेली की कात टाकली?

पहिल्या महिन्यात आम्ही मेलेल्या म्हणून वहीत नोंदल्या त्यातल्या बऱ्याच मेल्याच नव्हत्या. वाळूवर पडलेलं ते नुसतं कवच होतं. एका मुलीने प्रयोगशाळेतलं भिंग आणून दाखवलं तेव्हा मला कळलं, हेही कबूल करते.

कात आणि प्रेत यांतला फरक एकदा नीट पाहून ठेवा. कात पारदर्शक असते, आतून पोकळ, मिशांपासून पायांच्या टोकांपर्यंत सगळं जागच्या जागी. फक्त पाठीवर, डोक्याचा भाग आणि पोटाचा भाग जुळतो तिथे, आडवी फाटलेली. बुडबुड्यांच्या प्रवाहात ती हलते, बोटाने उचलली तर कांद्याच्या आतल्या पातळ पापुद्र्यासारखी लागते. मेलेली कोळंबी याच्या उलट: दुधी-गुलाबी, अपारदर्शक, घरी कढईत टाकल्यावर होते तशी. कारणही तेच. तिच्या अंगातलं तांबूस रंगद्रव्य एका प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं, ते प्रथिन बिघडलं की रंग मोकळा होतो, मग ते आचेने बिघडो की मरणाने.

कात टाकीतच राहू द्या. कोळंब्या ती खातात आणि त्यातला चुना परत अंगी लावतात. आम्ही दोन महिने "घाण" म्हणून काती काढून कचऱ्यात टाकत होतो.

आणि एक तिसरा प्रकार असतो, तोच या सगळ्या लेखाचं मूळ आहे. ऑक्टोबरात एका बुधवारी भूमितीचा तास चालू असताना पुढच्या बाकावरून हळूच, "बाई, हिचं काहीतरी होतंय." मॉसवर एक मोठी मादी होती. तिच्या अंगाभोवती, पाठीपासून पोटाखालपर्यंत, खडूने ओढावी तशी पांढरी पट्टी पूर्ण गोल फिरली होती. ती कमरेत वाकायची, झटका द्यायची, थांबायची. पुन्हा वाकायची. नीट कात टाकणारी कोळंबी एका झटक्यात मागच्या मागे उडी मारून बाहेर येते, बघणाऱ्याला पापणी लवायची उसंत नाही. ही मधल्या सुट्टीपर्यंत झगडत होती. डबे खाऊन मुलं परत आली तेव्हा ती आडवी झाली होती, कवचाचा पुढचा अर्धा भाग अंगावर तसाच.

त्या दिवसापासून वहीत तीन रकाने झाले: कात, मेली, पट्टी. तुम्ही आधी एवढंच करा, बाकी औषधं-बिवषधं नंतर. महिन्याभरात पट्टीच्या रकान्यात निम्म्याहून जास्त आकडे गेले, म्हणजे आमच्या कोळंब्या रोगाने मरत नव्हत्या, कात टाकताना अडकत होत्या.

सोमवारचा पहिला संशयित

पण सोमवारीच का? हा प्रश्न डोक्यातून जाईना. शाळा शनिवारी दुपारी बंद होते, शिपाई मामा सगळ्या वर्गांचे मेन स्विच पाडतात, सोमवारी सकाळी चालू करतात. म्हणजे सव्वा-दीड दिवसाच्या वर हवेचा पंप बंद, स्पंज फिल्टर बंद. आम्हाला वाटलं, चोर सापडला.

खरंच तो एक चोर होता. स्पंजात अमोनिया खाणारे जिवाणू राहतात, त्यांना वाहतं, प्राणवायूचं पाणी लागतं. एवढा वेळ पाणी थांबलं की ते आतल्या आत कुजू लागतात आणि पंप चालू होताच ती घाण टाकीत येते. मामांशी बोलून टाकीची वायर सीसीटीव्हीच्या लाइनवर घेतली, ती कधीच बंद होत नाही. त्याच वेळी नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. अगदी स्वस्त वस्तू आहे, पण पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर तो नसताना वीज गेली की टाकीतलं पाणी नळीवाटे उलटं पंपात येतं. आमच्या एका सोमवारी फरशी ओली आणि पंप बाद, ते याच्यामुळेच.

सोमवारी पाण्याला थोडा बरा वास यायला लागला. मेलेल्यांचा आकडा किंचित उतरला. पण पट्टी थांबली नाही, आणि सोमवारही सुटला नाही.

वार बदलून बघितला

हा तोडगा माझा नाही, मागच्या बाकावरच्या एकाचा आहे. वही चाळता चाळता तो म्हणाला, "बाई, आपण पाणी शुक्रवारी बदलतो ना? मंगळवारी बदलून बघू."

शुक्रवारी शेवटचा तास कार्यानुभवाचा, म्हणून पाणी बदलायचं काम त्याच दिवशी. मुलांना ते फार आवडायचं. दोन बादल्या काढायच्या, दोन भरायच्या, जवळजवळ निम्मी टाकी. मी पण खूश, टाकी कशी लख्ख! पाणी आम्ही सोमवारी तपासायचो, कारण मेलेल्या सोमवारी सापडायच्या, आणि सोमवारी चाचणीत काहीच वावगं निघायचं नाही.

नोव्हेंबरात तीन आठवडे पाणी मंगळवारी बदललं. पट्ट्या गुरुवार-शुक्रवारी दिसायला लागल्या. सोमवार कोरा.

म्हणजे मरण पाणी बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांनी येत होतं. आणि मध्ये शनिवार-रविवार आल्यामुळे आम्हाला ते सोमवारचं वाटत होतं.

आता हे का होतं ते सांगते, कारण कारण कळलं नाही तर उपाय अर्धवट होतो. नवी मुंबईला पाणी येतं मोरबे धरणातून, खालापूर तालुक्यातून. पावसाचं साठवलेलं पाणी, त्यात क्षार कमी. आमच्या नळाला टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती काय विरघळलंय ते मोजणारा) लावला तर ६५ च्या आसपास दाखवतो. टाकीत मात्र बाष्पीभवन होत राहतं, वरून खाणं पडतं, तेव्हा टाकीचा आकडा २१० वर गेला होता. अशा टाकीतलं निम्मं पाणी काढून नळाचं घातलं की आकडा एका तासात १३७-१३८ वर येतो. कोळंबीच्या अंगाला तो मोठा धक्का. कात टाकायची वेळ आलेली असो-नसो, अशा धक्क्याने ती घाईने कात टाकायला लागते, हा कोळंबी पाळणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. आतलं नवं कवच तयार नाही, जुनं नेमक्या जागी फाटत नाही, मग पट्टी.

इथे माझी एक चूक होत होती, ती तुमची होऊ नये. टाकीत टीडीएस २१० बघून मी समजायचे की क्षार भरपूर आहेत. टीडीएस मीटर सगळं एकत्र मोजतो: नायट्रेट, खाण्यातलं मीठ, काहीही. कवचाला लागतं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ते कळतं पाण्याच्या कठीणपणावरून, म्हणजे जीएच चाचणीच्या थेंबांनी. तो आमच्याकडे निघाला फक्त ३. चेरी कोळंबीला साधारण ६ ते ८ मानवतो.

चाचणीचं किट येईपर्यंत वर्गात साबणाचा प्रयोग केला, पुस्तकातलाच. तीन परीक्षानळ्या: नळाचं पाणी, टाकीचं पाणी, आणि जवळच्या एका सोसायटीच्या बोअरचं. प्रत्येकीत साबणाच्या द्रावणाचे पाच थेंब आणि जोरात हलवायचं. नळाच्या पाण्याला भसाभस फेस, बोअरच्या नळीत फेस नाहीच, नुसता पांढरा चोथा. टाकीचं पाणी नळाच्या बाजूचं निघालं. मुलांना "मृदू" आणि "कठीण" हे शब्द त्या दिवशी कळले, त्याआधी ते पाठ होते.

"मग बोअरचंच घालू या?" नको. खाडीच्या एवढ्या जवळच्या बोअरला मिठाचा अंश असू शकतो, आणि तो मोसमागणिक बदलतो. एका पालकांनी प्रेमाने वीस लिटरचा शुद्ध पाण्याचा जार पाठवला होता, त्याने तर आणखी बिघडलं. आरओच्या पाण्यातून उरलासुरला चुनाही काढून टाकलेला असतो.

बादलीचा हिशेब

आता आमच्याकडे चालतं ते असं. आठवड्याला टाकीच्या एक दशांश पाणी, जास्त नाही. टाकीत पंचेचाळीस लिटर धरलं तर साडेचार लिटर. साध्या नळाच्या पाण्यानेही २१० चा आकडा १९५ च्या आसपासच येतो, कोळंबीला कळतही नाही. आणि हे पाणी बादलीने ओतायचं नाही. बादली स्टुलावर, सलाइनची नळी आणि तिची चाकी (जवळच्या औषधाच्या दुकानात मिळते), थेंब-थेंब तासाभरात टाकीत. मुलं "कोळंबीला सलाइन लावलंय" म्हणून दुसऱ्या वर्गातल्यांना बोलावून आणतात.

क्षारांसाठी दहा लिटरच्या बादलीला १ ग्रॅम कॅल्शियम सल्फेट (जिप्सम) आणि ०.४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट. दोन्ही शाळेच्या प्रयोगशाळेत असतात, तराजूही असतो. एवढ्याने कठीणपणा सुमारे ४ अंशांनी वाढतो: आमच्या नळाचे २-३ आणि हे ४, झाले ६-७. जिप्सम चटकन विरघळत नाही, आदल्या दिवशी घालून अधूनमधून ढवळा. टाकीचा आकडा एकदम चढवायला जाऊ नका, तोही धक्काच. आठवड्याच्या साडेचार लिटरमधूनच तो हळूहळू वर येऊ द्या. आम्हाला दोन-अडीच महिने लागले.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी भरायची तर क्षार घातलेलं पाणी वापरायचं नाही, साधं घालायचं. वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात.

समुद्रफेसाबद्दल विचारणारे बरेच भेटतात. माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात टांगतात ते. आमच्याकडे एका मुलाच्या आईचा दिवाळे गावात मासळीचा धंदा, तिने अर्धा डझन धुऊन-वाळवून पाठवली. टाकीत एक ठेवलेलं आहे, कोळंब्या त्यावर बसून कुरतडतात, पण कॅल्शियम कार्बोनेट साध्या पाण्यात फार सावकाश विरघळतं. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. आणि एकाने गुपचूप खडू टाकला होता. त्याचं डोकं चुकीचं नव्हतं, पांढरे खडू बहुतेक जिप्समचेच असतात. पण त्यात आणखी काय मिसळलंय कोण जाणे, आणि हा तर गुलाबी होता.

क्लोरीन

हे थोडक्यात, कारण बहुतेकांना माहीत असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि असायलाच हवा, पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे नळाशी निदान लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. बादली चोवीस तास उघडी ठेवून त्यात हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) सोडला की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, दहा लिटरला ०.१ ग्रॅम, दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून विकतात ते साधारण हेच, आणि प्रयोगशाळेत याची बाटली असतेच. मात्र पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की मात्रा वाढवलेली असू शकते. आणि शाळेची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली जाते तो दिवस मामांना विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा, त्या आठवड्यात पाणी बदलू नका. आम्ही एकदा बदललं होतं.

धूर, थेंब आणि तांबं

आता ज्यांची टाकी एका दिवसात आडवी झाली त्यांच्यासाठी.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आदल्या शनिवारी वर्गांत झुरळ-डासांची फवारणी झाली. मला कुणी सांगितलं नाही, सांगायचं असतं हे कुणाला सुचलंही नसेल. सोमवारी चाळीसेक कोळंब्या गुलाबी होऊन तळाला, एकही जिवंत नाही. गोगलगायी मात्र काचेवर मजेत चालत होत्या.

गोगलगायीच इथे साक्षीदार. डासांच्या औषधांतली पायरेथ्रॉइड जातीची रसायनं कीटकांवर जशी चालतात तशीच कोळंबीवर, कारण दोघांची मज्जासंस्था एकाच घडणीची. गोगलगायींना त्यांचा त्रास त्यामानाने फार कमी. तेव्हा कोळंब्या सगळ्या गेल्या आणि गोगलगायी धडधाकट असतील तर आधी कीटकनाशकावर संशय घ्या. गोगलगायीही मेल्या असतील तर तांब्यावर.

फवारणी पाण्यावर करावी लागत नाही. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, चोवीस तास. म्हणून टाकी नुसती झाकून उपयोग नाही, पंप बंद करावा लागतो. पालिकेची धुराची गाडी येते त्या संध्याकाळी: पंप बंद, वर प्लास्टिक, त्यावर ओला टॉवेल, खिडक्या बंद. धूर विरल्यावर खिडक्या उघडून तासभर हवा खेळू द्यायची, मग पंप. दोन-तीन तास पंपाविना काही होत नाही. वर्गात फवारणीच होणार असेल तर पंपाची नळी कॉरिडॉरपलीकडून आणण्यापेक्षा कोळंब्या बादलीत काढून शिक्षक खोलीत न्या. डासांची लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत लावू नका, घरी टाकी असेल तर हॉलमध्येही नको.

धुराशिवाय एक धोका थेंबाचा. पावसाळ्यात आरोग्य खात्याचे कर्मचारी साठवलेल्या पाण्यात अळ्या शोधत फिरतात, ते त्यांचं कामच आहे. आमच्या टाकीवर टॉर्च मारून एक ताई विचारत्या झाल्या, "ह्याच्यात औषध टाकलं का?" टेमीफॉसचे दोन थेंब आणि टाकी संपली असती. त्यांना बुडबुडे दाखवले, पाणी वरून सतत हलतं म्हणून डास त्यावर अंडी घालायला येत नाहीत, हे त्यांना लगेच पटलं. तेव्हापासून टाकीवर मुलांनी पाटी लावली आहे.

तांब्याचं प्रकरण वेगळंच. कोळंबीच्या रक्तातल्या हिमोसायनिनला तांबं लागतं, हॉर्सशू क्रॅबचं रक्त निळं दिसतं तेही त्याच्यामुळे, हे मी वर्गात अगदी रंगवून सांगितलं. पुढच्या आठवड्यात एकजण बाटली घेऊन हजर. "बाई, आजीने तांब्याच्या कळशीतलं पाणी दिलंय, रात्रभर ठेवलेलं. कोळंबीला ताकद येईल." रक्ताला तांबं लागतं ते खाण्यातून, कणाकणाने, पाण्यात विरघळलेलं तांबं कल्ल्यांवरच हल्ला करतं आणि फार थोडं असलं तरी पुरतं. आजीच्या पाण्याला नकार देणं त्या वर्षीच्या माझ्या अवघड कामांपैकी एक. तळाशी टाकलेलं पाच रुपयांचं पिवळं नाणंही याच कारणासाठी बाहेर काढलं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची आणि बुरशीवरची बरीच औषधं तांब्याची असतात, बाटलीवर कॉपर लिहिलेलं दिसलं की ती कोळंबीच्या टाकीपासून लांब ठेवा. दुकानदाराने मला पहिल्यांदा टाकायला सांगितलेलं औषध नेमकं तेच होतं. बरं झालं, बाटलीवरचं वाचायची सवय होती.

फवारणीनंतर टाकी पुन्हा लावायला आम्हाला सहा आठवडे लागले. स्पंज, मॉस, वाळू सगळं फेकलं, काच नुसत्या पाण्याने पाच वेळा धुतली, फिल्टरमध्ये कोळसा घातला. नवा स्पंज मुरावा म्हणून ओळखीच्या एकांच्या जुन्या टाकीतला स्पंज आमच्या पाण्यात पिळला. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, तेव्हा टाकी लावून चौथ्या दिवशी कोळंब्या सोडल्या आणि अमोनियाने निम्म्या घालवल्या. तो हिशेब या लेखात धरलेला नाही.

खाणं आणि सुट्ट्या

खायला आठवड्यातून तीनदा, तेही थोडं. वाफवलेल्या काकडीची चकती, पालकाचं उकडलेलं पान, दोन तासांनी उरलेलं बाहेर. पोळीचे तुकडे आणि शेंगदाणे टाकणारे प्रत्येक वर्गात दोघं-तिघं असतात, त्यांनाच खाऊप्रमुख नेमलं की प्रश्न मिटतो. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असेल तर गळून पडलेलं, पूर्ण वाळलेलं तपकिरी पान धुऊन टाकीत ठेवा. त्यावर जो बुळबुळीत थर चढतो तो कोळंब्या दिवसचे दिवस चरतात.

म्हणूनच गणपती आणि दिवाळीच्या सुट्टीत मी खाणं ठेवतच नाही. दोन पानं, चालू पंप, बस. सुट्टीत चाळीस कोळंब्यांना "रोज चिमूटभर" घालायला कुणाला सांगितलं तर ती चिमूट मोठी होते. मे महिना मात्र कठीण. पाणी ३२ अंशांवर जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण पातळीही झपाट्याने उतरते, तेव्हा साधं पाणी घालायला कुणीतरी लागतं. आमच्याकडे मामा घालतात. पहिल्या वर्षी स्विच पाडणारे तेच, आता दर तीन दिवसांनी फोन करून आकडा सांगणारेही तेच.

सध्या पट्टीचा रकाना सलग सात आठवडे कोरा आहे. "मेली"चा रकाना महिन्याला एखाददुसऱ्याने भरतो, तो भरणारच. चेरी कोळंबीचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं, आणि कुर्ल्याहून आणली तेव्हा तिचं वय काय होतं कुणास ठाऊक. दुसऱ्या बाजूला पिल्लं एवढी झाली आहेत की टाकी अपुरी पडते. परवा एकाने सुचवलं, जास्तीच्या ठाण्याच्या तलावात सोडू. सोडायच्या नाहीत, तलावात नाही, खाडीत नाही, नाल्यातही नाही. बाहेरच्या मुलखातला प्राणी आहे. शेजारच्या तुकडीने टाकी मागितली आहे, वीस तिकडे जातील. त्यांचा पाणी बदलायचा वार मी बुधवार ठरवून दिला आहे, म्हणजे काही बिघडलंच तर शुक्रवारी वर्गात कुणीतरी असेल.